प्रोसेसर बदलल्यानंतर मंदावणारी मेमरी : कारणमीमांसा व तपासणी

बीजशब्द : मेमरी, प्रोसेसर, बायॉस, ड्युअल चॅनेल, एक्सएमपी

प्रस्तावना :

अंबड, घनसावंगी, मंठा, भोकरदन अशा तालुक्यांतील खेड्यांमधून जालन्यास शिकावयास येणाऱ्या अनेक विद्यार्थ्यांच्या हाती भ्रमणध्वनी असतो, परंतु घरी संगणक नसतो. महाविद्यालयाची संगणक प्रयोगशाळा हीच त्यांची संगणकाशी पडणारी खरी गाठ होय. प्रात्यक्षिकाची तासिका ठरलेली, परतीच्या एस.टी.ची वेळही ठरलेली. अशा वेळी एखादा प्रोग्रॅम अपेक्षेपेक्षा दुप्पट वेळ घेऊ लागला, तर प्रात्यक्षिक अपुरेच राहते. म्हणून संगणकाचा वेग हा आमच्यासारख्या महाविद्यालयांत केवळ हौसेचा विषय नाही.

संपूर्ण प्रयोगशाळा नव्याने उभारण्याइतका निधी सहसा उपलब्ध नसतो. त्यामुळे मदरबोर्ड, कॅबिनेट, पडदे तसेच ठेवून केवळ प्रोसेसर बदलण्याचा मार्ग स्वीकारला जातो. तो योग्यही आहे. परंतु प्रोसेसर बदलल्यानंतर संगणक काही कामांत फारसा वेगवान होत नाही, क्वचित पूर्वीपेक्षा मंद भासतो, आणि तपासणी केली असता मेमरीचा वेग घटलेला आढळतो. यावर पुरवठादाराकडून पहिला सल्ला मिळतो तो नवीन रॅम विकत घेण्याचा. प्रस्तुत लेखकाचा अनुभव व अभ्यास असा आहे की, अशा बहुतेक प्रसंगी रॅम निर्दोष असते. बदललेली असते ती तिच्या वेगाविषयीची ठरावणी. ही ठरावणी कोण करते, ती का मोडते व ती कशी तपासावी, याचे विवेचन या लेखात केले आहे.

मेमरीचा वेग म्हणजे नेमके काय?

रॅमच्या पट्टीवर ‘डीडीआर४-३२००’ असे छापलेले असते. यातील ३२०० हा आकडा घड्याळाच्या ठोक्यांचा नाही. डीडीआर प्रकारच्या मेमरीत घड्याळाच्या प्रत्येक ठोक्यात दोन वेळा माहितीची देवाणघेवाण होते; म्हणजे घड्याळ १६०० मेगाहर्ट्झचे असते आणि सेकंदाला ३२०० दशलक्ष देवाणघेवाणी होतात. मेमरी तपासण्यासाठी सर्वत्र वापरले जाणारे सीपीयू-झेड हे सॉफ्टवेअर घड्याळाचा आकडा दाखविते, तर विंडोजचा टास्क मॅनेजर दुप्पट आकडा दाखवितो. या एका फरकामुळे किती गैरसमज होतात याची कल्पना बाहेरच्या माणसास येणार नाही. सीपीयू-झेडमध्ये १६०० दिसले की ‘३२०० ची रॅम अर्ध्या वेगाने चालते आहे’ असे छातीठोकपणे सांगणारे तंत्रज्ञ प्रस्तुत लेखकाने पाहिले आहेत. तेव्हा तपासणीची पहिली पायरी म्हणजे आपण कोणता आकडा वाचत आहोत हे निश्चित करणे.

एका देवाणघेवाणीत एका चॅनेलवरून ६४ बिट, म्हणजे ८ बाइट माहिती जाते. यावरून गणित सोपे होते. डीडीआर४-३२०० च्या एका चॅनेलची क्षमता सेकंदाला २५.६ गिगाबाइट, आणि डीडीआर४-२४०० ची १९.२ गिगाबाइट. दोन चॅनेल एकाच वेळी चालू असतील तर हे आकडे अनुक्रमे ५१.२ व ३८.४ होतात. म्हणजेच ३२०० वेगाने दोन चॅनेलवर चालणारा संगणक काही कारणाने २४०० वेगाने एकाच चॅनेलवर चालू लागला, तर त्याची मेमरी-क्षमता ५१.२ वरून १९.२ वर, म्हणजे निम्म्याहूनही खाली येते. आणि हे सर्व घडत असताना पडद्यावर ‘८ जीबी रॅम’ हे शब्द जसेच्या तसे राहतात.

जालन्याच्या मोंढ्याचे उदाहरण येथे विद्यार्थ्यांना चटकन पटते. हंगामात तोलाईचे काटे दोनाचे सहा केले, परंतु आवारात येण्याचे दार एकच राहिले, तर गाड्यांची रांग दारापाशीच लागते. नवे काटे रिकामे उभे राहतात. प्रोसेसरचे गाभे वाढविणे म्हणजे काटे वाढविणे. मेमरीचा वेग व चॅनेल म्हणजे ते दार. विल्यम वुल्फ व सॅली मॅकी या संशोधकांनी १९९५ मध्येच ‘मेमरी वॉल’ या नावाने हा धोका मांडला होता : प्रोसेसरचा वेग ज्या गतीने वाढतो त्या गतीने मेमरीचा वाढत नाही, आणि त्यामुळे एक वेळ अशी येते की प्रोसेसर केवळ वाट पाहत बसतो.

वेगाची दुसरी बाजू म्हणजे विलंब. पट्टीवर सीएल१६, सीएल१७ असे लिहिलेले असते. हा विलंब ठोक्यांत मोजलेला असल्यामुळे त्याची थेट तुलना करता येत नाही. ३२०० वेगाला सीएल१६ म्हणजे १० नॅनोसेकंद. २४०० वेगाला सीएल१७ म्हणजे सुमारे १४ नॅनोसेकंद. ठोक्यांत फरक एकाचाच, प्रत्यक्ष वेळेत मात्र ४० टक्क्यांहून अधिक.

वेग ठरवितो कोण?

सर्वसाधारण समजूत अशी की, वेग हा रॅमच्या पट्टीचा गुणधर्म आहे. ही समजूत अपुरी आहे. पट्टीवर एक लहानशी चिप असते. तिच्यात त्या पट्टीला मान्य असलेले वेग व विलंब नोंदविलेले असतात; या नोंदीस एसपीडी म्हणतात. त्यात आंतरराष्ट्रीय मानकानुसारचे वेग असतात आणि त्याखेरीज बऱ्याच पट्ट्यांत उत्पादकाने दिलेला एक अधिक वेगाचा नमुनाही असतो. इंटेलने २००७ मध्ये डीडीआर३ च्या काळात हा नमुना एक्सएमपी या नावाने रूढ केला. डीडीआर४-३२०० म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक पट्ट्यांची मानक नोंद प्रत्यक्षात २१३३, २४०० किंवा २६६६ इतकीच असते आणि ३२०० हा वेग केवळ एक्सएमपी नमुन्यात असतो. तो बायॉसमध्ये जाऊन हाताने चालू करावा लागतो. विकणारा हे सांगत नाही, घेणारा विचारत नाही.

संगणक सुरू होताना बायॉस ही नोंद वाचतो आणि मेमरी कंट्रोलरला विचारून वेग ठरवितो. हा कंट्रोलर कोठे असतो, हे या विषयाचे मर्म आहे. पूर्वी तो मदरबोर्डवरील चिपसेटमध्ये असे. एएमडीने २००३ मध्ये ॲथलॉन ६४ मालिकेत तो प्रोसेसरच्या आत घेतला. इंटेलने २००८ मध्ये पहिल्या कोअर आय७ पासून तेच केले. तेव्हापासून प्रोसेसर बदलणे म्हणजे मेमरी कंट्रोलर बदलणे होय. पट्ट्या त्याच, बोर्ड तोच, तरीही त्यांच्याशी बोलणारा दुसरा पक्षच नवा आलेला असतो आणि ठरावणी प्रारंभापासून पुन्हा होते. अशा ठरावणीत नियम एकच : जो सर्वांत मंद, त्याचा वेग सर्वांचा.

नवा प्रोसेसर, मंद मेमरी : दोन उदाहरणे

नवा प्रोसेसर अधिक शक्तिशाली असूनही मेमरीचा वेग खाली यावा, हे प्रथमदर्शनी अशक्य वाटते. तथापि त्याची दोन स्पष्ट उदाहरणे देता येतात.

पहिले उदाहरण जुन्या संगणकांच्या बाजारात आजही घडू शकते. एलजीए ११५५ सॉकेटच्या बोर्डावर कोअर आय३-३२२० हा २०१२ चा प्रोसेसर असेल तर डीडीआर३-१६०० मेमरी पूर्ण वेगाने चालते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तापकीर गल्लीत वापरलेला कोअर आय७-२६०० स्वस्तात मिळाला म्हणून कोणी तो त्याच बोर्डात बसविला, तर गाभे दोनाचे चार होतात, परंतु हा प्रोसेसर २०११ चा, आधीच्या पिढीचा असल्याने त्याच्या कंट्रोलरची मर्यादा १३३३ आहे. दोन चॅनेलची क्षमता २५.६ वरून सुमारे २१.३ गिगाबाइटवर येते. साध्या एच६१ बोर्डावर यास उपाय नाही. यात कोणाचाच दोष नाही. केवळ खरेदीपूर्वी प्रोसेसरच्या माहितीपत्रकातील मेमरीची ओळ वाचावयास हवी होती.

दुसरे उदाहरण प्रस्तुत लेखकाच्या विद्यार्थिदशेतील असून, या विषयाचे कुतूहल तेथूनच निर्माण झाले. घरच्या संगणकात एएमडीचा ॲथलॉन ६४ एक्स२ ३८००+ हा एएम२ सॉकेटचा प्रोसेसर होता. शिष्यवृत्तीच्या पैशांतून वापरलेला ५०००+ घेतला. प्रोसेसर २.० गिगाहर्ट्झवरून २.६ वर गेला आणि डीडीआर२-८०० मेमरी मात्र ७४३ च्या आसपास दिसू लागली. पट्ट्या काढून पुसल्या, खाचा बदलल्या, बायॉस मूळपदावर आणला; आकडा हलेना. दुकानदाराने पट्टी ‘उतरली’ असे निदान केले.

खरे कारण निव्वळ भागाकाराचे होते. या मालिकेत मेमरीचे घड्याळ प्रोसेसरच्या घड्याळाला पूर्णांकाने भागून मिळत असे, आणि भागाकार ४०० मेगाहर्ट्झच्या वर जाऊ दिला जात नसे. ३८००+ चे २००० भागिले ५ म्हणजे बरोबर ४००, दुप्पट ८००. ५०००+ च्या २६०० ला ६ ने भागले तर ४३३ येतात, ते मर्यादेबाहेर. म्हणून भाजक ७ घ्यावा लागतो आणि उत्तर येते सुमारे ३७१, दुप्पट ७४३. सात टक्के वेग असा भागाकारात गळून गेला. याच हिशेबाने २.४ गिगाहर्ट्झच्या ४८००+ ला ६ चा भाजक बरोबर बसतो व ८०० मिळतात, २.८ च्या ५६००+ ला ७ चा बसतो. ३.० गिगाहर्ट्झच्या ६०००+ ला मात्र ८ ने भागून ३७५, म्हणजे ७५० वरच समाधान मानावे लागे. महागडा प्रोसेसर, आणि स्वस्तापेक्षा मंद मेमरी! हा भागाकार वहीच्या मागच्या पानावर सुटला तेव्हा झालेला आनंद पुढे एम.फिल.च्या प्रबंधानेही दिला नाही, हे प्रांजळपणे नमूद करावेसे वाटते.

आजच्या प्रोसेसरांत ही पद्धत नाही. तरीही रायझेन मालिकेत मेमरीच्या घड्याळाशी प्रोसेसरच्या अंतर्गत जोडमार्गाचे घड्याळ सहसा बांधलेले असते, त्यामुळे मेमरी मंदावली तर त्याचा परिणाम केवळ मेमरीपुरता राहत नाही.

प्रयोगशाळेतील अनुभव

आमच्या प्रयोगशाळेतील वीस संगणकांत बी४५० चिपसेटचे बोर्ड व रायझेन ३ २२००जी हे प्रोसेसर होते. प्रत्येकी ४ जीबीच्या दोन पट्ट्या, वर छापलेला वेग ३२००. या प्रोसेसरची अधिकृत मर्यादा २९३३ असल्याने खरेदीच्या वेळी कोणीतरी जाणत्याने बायॉसमध्ये तोच वेग घालून ठेवला होता. पायथॉनवर आधारित विदा-विश्लेषणाची प्रात्यक्षिके सुरू झाल्यावर चार गाभ्यांचा हा प्रोसेसर अपुरा पडू लागला, म्हणून उन्हाळी सुट्टीत सहा गाभ्यांचा रायझेन ५ ५६००जी बसविण्यात आला. सॉकेट तोच, एएम४. नव्या प्रोसेसरची मेमरी-मर्यादाही अधिक, ३२००. म्हणजे कागदावर सर्व काही सुधारणारच होते.

प्रत्यक्षात विद्यार्थ्यांची तक्रार आली ती वेगळीच. साधी गणिते झटकन होत होती, पण मोठ्या प्रतिमांवर प्रक्रिया करणारा व मोठ्या सारण्यांची बेरीज करणारा प्रोग्रॅम पूर्वीइतकाच किंवा त्याहून अधिक वेळ घेत होता. काही यंत्रांवर पडदा सरकवितानाही अडखळत असे. प्रोसेसर बसविणाऱ्या पुरवठादाराने सीपीयू-झेड उघडून १२०० चा आकडा दाखविला आणि सांगितले, “सर, तुमची रॅम बाराशेचीच आहे. वीसही संच बदलावे लागतील.” दरपत्रकही तत्परतेने आले. विभागाचे वर्षाचे किरकोळ अनुदान त्यात संपले असते.

१२०० म्हणजे २४००, हे वर आलेच आहे. प्रश्न होता २९३३ चे २४०० कसे झाले हा. ५६००जी ओळखता यावा म्हणून जुना प्रोसेसर असतानाच प्रत्येक बोर्डाचा बायॉस अद्ययावत करण्यात आला होता. ते आवश्यकच होते. परंतु अद्ययावत करताना जुन्या सर्व नोंदी पुसल्या जातात. त्यातच मेमरीचा वेगही गेला आणि बायॉसने पट्टीच्या मानक नोंदीतील २४०० स्वीकारला. बायॉसमध्ये एक्सएमपी चालू करून यंत्र पुन्हा सुरू करताच बहुतेक यंत्रांत ३२०० मिळाले. काही उत्पादकांच्या बायॉसमध्ये याच सोयीला डीओसीपी असे नाव असते, ते शोधताना गोंधळू नये.

तीन यंत्रे तरीही मागे राहिली. त्यांत वेग ३२०० दिसे, एकूण मेमरी ८ जीबी दिसे, पण प्रोग्रॅम रेंगाळे. सीपीयू-झेडमध्ये चॅनेलच्या रकान्यात एकच चॅनेल नोंदविलेले होते. कॅबिनेट उघडल्यावर उलगडा झाला. सुट्टीत धूळ झटकण्यासाठी पट्ट्या काढल्या होत्या आणि परत बसविताना त्या शेजारशेजारच्या खाचांत लावल्या होत्या. चार खाचांच्या अशा बोर्डात शेजारच्या दोन खाचा बहुधा एकाच चॅनेलच्या असतात; पट्ट्या प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या व चौथ्या खाचेत हव्यात. या दोषाचा उपद्रव असा की तो एकूण आकड्यात दिसत नाही. शिवाय या प्रोसेसरांत चित्रदर्शनाचे काम करणारा भाग स्वतंत्र मेमरी न ठेवता हीच मेमरी वापरतो, त्यामुळे पडदा अडखळण्याचे कारणही तेच होते. पट्ट्या योग्य खाचेत असूनही एकच चॅनेल दिसले, तर मात्र प्रोसेसरच्या पिना अथवा सॉकेट तपासावे. एएम४ प्रोसेसरच्या पिना त्याच्या पोटाशी असतात, इंटेलच्या एलजीए प्रकारात त्या बोर्डावर असतात, आणि बसविताना एखादी वाकली तर अख्खे चॅनेल जाऊ शकते.

एका यंत्रात पूर्वी बिघडलेल्या पट्टीच्या जागी २४०० ची पट्टी घातलेली होती. ती काढल्याशिवाय दुसरी पट्टी २४०० च्या वर जाणार नाही, हे उघड आहे. आणखी एक यंत्र ३२०० वर सुरूच होईना. ते २९३३ वर ठेवले आणि त्याने कुरकुर थांबविली. एक्सएमपीत मेमरीला १.२ ऐवजी बहुधा १.३५ व्होल्ट दिले जातात व प्रत्येक संच ते सारखेच पेलतो असे नाही. म्हणूनच वेग वाढविल्यावर मेमटेस्ट८६ ही चाचणी चालवावी, आणि तीत एकही चूक आली तर वेग कमी करावा. प्रात्यक्षिक उशिरा संपणे परवडते, चुकीचे उत्तर देणारी मेमरी परवडत नाही. चार पट्ट्या भरल्यास कंट्रोलरवरील भार वाढून अधिकृत मर्यादाच पट्टीच्या प्रकारानुसार २९३३ किंवा २६६६ वर येते, हेही रॅम वाढविण्यापूर्वी ध्यानात घ्यावे.

वीज, बॅटरी व सोमवारची मंदी

एवढे करूनही काही आठवड्यांनी चार-पाच यंत्रे पुन्हा २४०० वर आली. विशेष म्हणजे हे सोमवारी घडे. बायॉसच्या नोंदी बोर्डावरील सीआर२०३२ या नाण्याएवढ्या बॅटरीवर टिकतात. विजेची मुख्य कळ चालू असेपर्यंत बोर्डाला मंद प्रवाह मिळत राहतो आणि बॅटरी झिजलेली असली तरी उणीव उघड होत नाही. आमच्याकडे शनिवारी सायंकाळी सुरक्षिततेसाठी संपूर्ण प्रयोगशाळेची मुख्य कळ बंद केली जाते. मग संपत आलेली बॅटरी रविवारभर नोंदी सांभाळू शकत नाही. सोमवारी यंत्राचे घड्याळ चुकते आणि त्याबरोबर एक्सएमपीही जातो. दिवाळीच्या सुट्टीनंतर याचे प्रमाण आणखी वाढले. यंत्र जुने असेल तर प्रोसेसर बदलतानाच ही बॅटरी बदलावी; तिची किंमत चहाच्या दोन-चार कपांएवढी असते.

वीज दुसऱ्या रीतीनेही घात करते. यंत्र सुरू होताना बायॉस मेमरीची जुळणी करून पाहतो. नेमक्या त्याच क्षणी, भारनियमनाने म्हणा वा झटक्याने, वीज गेली आणि असे लागोपाठ घडले, तर अनेक बोर्ड ठरविलेला वेग अयशस्वी मानून आपण होऊन सुरक्षित वेगावर परततात. ज्या यंत्रांना यूपीएस नाही, तेथे ही शक्यता आधी पाहावी.

या साऱ्यांत क्रमाला महत्त्व आहे. टास्क मॅनेजर वा लिनक्समधील डीएमआयडीकोड या आज्ञेने चालू वेग पाहणे, सीपीयू-झेडमध्ये चॅनेल व पट्टीची एसपीडी नोंद पाहणे, प्रोसेसरच्या माहितीपत्रकातील मर्यादेशी ती ताडून पाहणे, हे सर्व कॅबिनेट न उघडता दहा मिनिटांत होते. त्यानंतर बायॉस, त्यानंतर खाचा, आणि अगदी शेवटी खरेदी. क्षमतेचे मोजमाप हवे असेल तर जॉन मॅकाल्पिन यांची स्ट्रीम ही निःशुल्क चाचणी पुरेशी आहे. बदलापूर्वी व बदलानंतर ती चालवून आकडे लिहून ठेवावेत. आम्ही बदलापूर्वी ती चालविली नव्हती, ही आमची चूक. त्यामुळे पुरवठादाराशी वाद घालताना हाती विद्यार्थ्यांच्या तक्रारींखेरीज काही नव्हते.

आता प्रत्येक कॅबिनेटच्या आतील बाजूस एक चिठ्ठी चिकटविली आहे. तीवर बायॉसची आवृत्ती, मेमरीचा वेग, चॅनेलची संख्या व बॅटरी बदलल्याची तारीख लिहिलेली असते, आणि प्रत्येक सत्राच्या आरंभी द्वितीय वर्षाचे विद्यार्थी ती तपासून स्वाक्षरी करतात. दरपत्रकातील वीस संचांपैकी एकच पट्टी विकत घ्यावी लागणार आहे, ती त्या २४०० च्या जागी. तोपर्यंत त्या यंत्राच्या चिठ्ठीवर २४०० हाच आकडा राहील.